लिस्बनचा भूकंप आणि धर्मगुरूंची उत्तरे



आपल्या वसईवर १७३९ पर्यंत सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या सत्तेची राजधानी लिस्बन. आज या शहराची थोडी ओळख करून घेऊ.

तेजो नदी अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी खाडीसारखी रुंद होते. तिच्या उत्तर तीरावरील टेकड्यांवर लिस्बन वसले आहे. ११४७ मध्ये राजा आफोन्सो एन्रीकेस याने ते मूर लोकांकडून जिंकले. तेराव्या शतकात ते राजधानी झाले. १४९७ मध्ये वास्को द गामा येथूनच भारताकडे निघाला. टेकड्यांच्या मधल्या सखल भागाला 'बायशा' म्हणतात. राजवाडा, बाजारपेठ, गोदामे अशी सारी श्रीमंती तेथे, नदीच्या गाळाच्या मऊ जमिनीवर उभी होती.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकल संतांचा सण होता. सकाळी पावणेदहाच्या सुमारास चर्चेस भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. छपरे कोसळली. मोकळी जागा म्हणून लोक नदीकाठी धावले, तेथे समुद्राच्या प्रचंड लाटांनी त्यांना गाठले. मेणबत्त्या व चुली यांमुळे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मेली. बायशा उद्ध्वस्त झाले. टणक पायावरची आल्फामाची वस्ती मात्र बरीचशी वाचली.

हे का घडले? येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी १७५६ मध्ये पुस्तिका लिहून हा देवाचा कोप असल्याचे सांगितले व प्रायश्चित्ताची हाक दिली. त्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ कांट भूकंपाची नैसर्गिक कारणे शोधत होता. पोर्तुगालचा मंत्री कार्व्हालो, म्हणजेच पुढे पोंबालचा मार्क्विस, याने वेगळेच काम केले. त्याने देशभरातील धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली : धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? किती माणसे मेली, किती घरे पडली? समुद्र आधी ओसरला की चढला? विहिरींचे पाणी बदलले का?

हा मंत्री काही साधुपुरुष नव्हता. त्याच्याच काळात, १७६१ मध्ये, मालाग्रिदांना देहदंड झाला. तरी त्याची प्रश्नावली मोलाची ठरली. गावोगावच्या धर्मगुरूंनी पाहिले, मोजले आणि लिहून पाठवले. भूकंपशास्त्राच्या आरंभी या साध्या नोंदींना मोठे स्थान आहे. पुढे बायशात सरळ, रुंद रस्ते आखले गेले. धक्का सोसावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवला गेला.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले (लूक १३). पश्चात्तापाचे आवाहन त्याने सर्वांनाच केले. मेलेल्यांच्या माथी मात्र दोष मारला नाही. सणाच्या दिवशी, प्रार्थना करताना गेलेल्यांना आपण तरी पापी कसे म्हणावे? घर पडलेल्या शेजाऱ्याला आधी निवारा द्यावा, मग भिंत का पडली ते शोधावे. हाही भक्तीचाच मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.

चिंतनासाठी : कुणावर संकट आले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? 'याने काय पाप केले?' की 'याला आता काय हवे आहे?'