आवाज आहे, आता वाचायला शीक

अगं, सगळे आवाजाचं कौतुक करतात म्हणून डबिंग आणि ऑडिओबुकच्या कामात यायचं म्हणतेस ना? मग राग मानू नकोस, पण गोड आवाज अंधेरीच्या स्टुडिओंत पैशाला पासरी मिळतात. टिकते ती वाचता येणारी मुलगी.

डबिंगमध्ये पुष्कळ गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. पडद्यावरचे ओठ कधी उघडतात, श्वास कुठे घेतला जातो, त्यात तुला चपखल बसायचं. मेघना एरंडे यांनी आवाज दिलेला हिंदी कार्टूनमधला निंजा हातोडी आठव. त्यामागे एक बाई बोलतेय हे मुलांच्या ध्यानीमनीही नसायचं.

ऑडिओबुकचं नेमकं उलटं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठी वाचकांना कादंबऱ्या ऐकायची सवय लागली. इथे पडदा नाही की जोडीदार नाही. आजी, नातू, फौजदार, निवेदक, सगळं तूच. नव्या मुली इथे हमखास जास्त नाटक करतात. पुरुषपात्र आलं की घसा दाबून खर्ज लावतात. तसं करू नकोस. आवाज तोच ठेव, चाल बदल: जरा संथ, शब्द तोडून, वाक्याचा शेवट ठाम.

पुस्तक आधी पूर्ण वाच. पाचव्या प्रकरणात कळलं की अण्णा अडखळत बोलतात, तर मागची चार पुन्हा करावी लागतील. प्रत्येक पात्राची दोन वाक्यं फोनवर ठेव आणि ते पात्र परत आलं की आधी ती ऐक. उच्चारही सांभाळ: ‘चाक’मधला च वेगळा, ‘चार’मधला वेगळा. अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर.

बांगड्या घरी ठेव. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, कारण माईकला गुरगूरही ऐकू जाते. घरी रेकॉर्ड करणार असशील तर पंखा बंद कर आणि कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बस.

पैशाचं सांगते. ऐकायला तासभर लागणारा मजकूर वाचायला सहज दोन-तीन तास जातात, आणि मानधन बरेचदा तयार झालेल्या तासावर ठरतं. दर सांगताना हे गणित धर. कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. तुझ्या आवाजावरून कृत्रिम आवाज बनवणार नाही, हे कलम लिहून घे. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना आवाजाची नक्कल थांबवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि अंतरिम आदेश त्यांच्या बाजूने मिळाला. तुझ्यामाझ्याकडे तेवढं नाव नाही की वकिलांची फौज नाही. करारातली ती ओळच आपली राखण.

तर आज एखाद्या कादंबरीची दहा पानं मोठ्याने वाचून रेकॉर्ड कर. उद्या ऐक, आणि तुझा तुलाच कंटाळा आला तिथे खूण करून मला पाठव. स्टुडिओला पाठवायच्या डेमोचं त्यानंतर बघू.