रेडिओची ऊब आणि मोबाइलचा ताप

जुन्या रेडिओची कळ फिरविली म्हणजे तो लगेच बोलत नसे. आधी पेटीच्या मागील बाजूस काचेच्या नळ्यांतून तांबूस उजेड दिसू लागे आणि अर्ध्याएक मिनिटाने आवाज उमटे. हा विलंब दोष नव्हता. निर्वात नळीतील ऋणाग्र चांगले तापल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन सुटतच नसत. थंड नळी ती मुकी नळी. मात्र ही ऊब महाग पडे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या गणकयंत्रात सुमारे १८,००० नळ्या होत्या व त्यास सुमारे १५० किलोवॉट वीज लागे; जणू एका दालनात दीडशे विजेच्या शेगड्याच पेटविलेल्या!

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि चित्र पालटले. त्यास तापावे लागत नाही. उलट ताप हा त्याचा वैरीच होय. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो, हे आपण वर्गात शिकतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाची रीत निराळी. तो तापला की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, नको तेथून प्रवाह झिरपतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा प्रवाह. वेळीच आवर घातला नाही, तर हे चक्र ट्रान्झिस्टर जाळूनच थांबते.

म्हणून ध्वनिवर्धकाच्या पाठीस ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, संगणकात पंखा असतो. मोबाइलमध्ये पंख्यास जागा कोठली? तेथे ग्रॅफाइटचा पातळ पापुद्रा उष्णता पाठीवर पसरवितो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र आपला वेग आपणच कमी करते. खेळ अडखळला म्हणून मुले त्यास नावे ठेवतात. आम्ही त्यास शहाणपण म्हणतो.

उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. भोवतालची हवा ३५ अंशांपलीकडे नसावी, असे कित्येक उत्पादक सांगतात. ग्वाल्हेरच्या वैशाखात तर पारा ४५ च्या घरात जातो. अशा वेळी उशीखाली मोबाइल भारित करणे फार धोक्याचे, कारण कापूस उष्णतेचा दुर्वाहक आहे. लिथियमची विद्युत्‌घटमाला मर्यादेबाहेर तापली, तर आतील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात व ती पेट घेऊ शकते. तापलेला मोबाइल भारक काढून सावलीतील फरशीवर ठेवावा. शीतकपाटात मात्र ठेवू नये. तेथून बाहेर काढताच दमट हवेतील बाष्पाचे पाणी त्याच्या अंगावर आणि कधी आतही जमते.