कलमाची काडी आणि पाण्याचा जमाखर्च

हापूस आंबा खाऊन त्याची कोय परसात लावली, तर त्या झाडाला हापूसच लागेल काय? बहुधा नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो परागीभवनातून तयार होतो; त्यामुळे त्यात आईबरोबर दुसऱ्या झाडाचेही गुण मिसळतात. हापूसचे गुण जसेच्या तसे हवे असतील, तर हापूसची काडी रायवळ आंब्याच्या रोपावर बसवावी लागते. यालाच कलम करणे म्हणतात. खालचे रोप म्हणजे खुंट आणि वरची ती कलमकाडी.

पूर्वी भेट कलम करीत. कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ नेऊन दोघांची साल तासून एकत्र बांधत. सांधा जुळेपर्यंत काडी मूळ झाडावरच असे व तिला पाणी मिळत राही. कोय कलमात मात्र काडी आधी कापतात आणि मग जोडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) कोकणात या पद्धतीचा मोठा प्रसार केला.

झाडावरून कापलेल्या काडीला मूळ नसते. म्हणजे पाण्याची जमा शून्य आणि खर्च मात्र चालूच! साल व लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा अतिशय पातळ थर असतो. काडीचा आणि खुंटाचा कँबियम एकमेकांस टेकला, की नव्या पेशी तयार होऊन सांधा भरतो आणि पाण्याचा मार्ग जोडला जातो. याला काही दिवस लागतात. तोवर काडी सुकली नाही तर कलम जगते. काडीची निवड आणि हंगाम यांचे बहुतेक नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

प्रथम काडी पाहू. १५ सें.मी. लांब व ०.६ सें.मी. जाड काडीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. सें.मी. भरते. आंब्याच्या २० सें.मी. लांब व ५ सें.मी. रुंद पानाची एक बाजू सुमारे ७० चौ. सें.मी. असते. अशी दहा पाने म्हणजे ७०० चौ. सें.मी., काडीच्या पंचवीसपट! शिवाय पानांना रंध्रे असतात, काडीला साल असते. म्हणून पाने काढलीच पाहिजेत. परंतु ती काडी कापताना नव्हे, तर आठ-दहा दिवस आधी, देठ ठेवून कापतात. या अवधीत मुळांचे पाणी मिळत असतानाच शेंड्याचा डोळा फुगतो आणि देठ आपोआप गळून पडतात.

काडी फळे देणाऱ्या निरोगी झाडाची, तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड घ्यावी. फार कोवळी काडी लवकर सुकते. फार जून काडी सावकाश फुटते. डोळा फुगलेला असावा, पण उमललेला नसावा. उमललेली पालवी म्हणजे जमा होण्याआधीच सुरू झालेला खर्च होय.

आता हंगाम. कोकणात कोय कलमे जुलै-ऑगस्टमध्ये करतात. बाष्पीभवनाचा वेग हवेतील बाष्पदाबाच्या तुटीवर अवलंबून असतो. २७ अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याचा सुमारे २७ मि.मी. असतो. आर्द्रता ९० टक्के असेल तर तूट २.७ मि.मी. उन्हाळ्यातील दुपारी तापमान ३५ अंश व आर्द्रता ५० टक्के धरा. संपृक्त दाब ४२ मि.मी., म्हणून तूट २१ मि.मी. जवळजवळ आठपट! शिवाय पावसाळ्यातील ऊब पेशींच्या वाढीस पोषक असते. याच दिवसांत जूनमध्ये रुजत घातलेल्या कोयींना तांबूस पानांची रोपे आलेली असतात. दहा-पंधरा दिवसांच्या अशा रोपाच्या कोयीत अन्नसाठा शिल्लक असतो व खोड मऊ असते. पाने हिरवी होऊ लागली की खोड निबर होऊ लागते.

रोप कोयीच्या वर थोडे कापून त्याला मधोमध तीन-चार सें.मी. उभी चीर द्यावी. काडीच्या बुडाशी तेवढीच पाचर तासून ती चिरेत बसवावी. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीशी जुळवावी. मग प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी. ती काप दाबून धरते, वाफ अडवते आणि पावसाचे पाणी सांध्यात जाऊ देत नाही. कलमे सावलीत ठेवावीत.

शाळेच्या तराजूवर हा जमाखर्च प्रत्यक्ष मोजता येईल. आंब्याच्या सारख्या जाडीच्या तीन काड्या घ्या: एक पानांसह, दुसरी पाने काढलेली, तिसरी पाने काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. त्या सावलीत टांगून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वजन करा आणि प्रत्येकीचे वजन मूळ वजनाच्या किती टक्के घटले, त्याचा आलेख काढा. हा प्रयोग एकदा मे महिन्यात व एकदा जुलैमध्ये करा. कलमासाठी कोणती काडी आणि कोणता महिना निवडावा, हे तुमचेच आकडे तुम्हांला सांगतील.