संगणकासाठी प्लेअर कसा निवडावा?

प्लेअर निवडण्यापूर्वी आपल्यापाशी वाजवावयाचे काय आहे ते पाहावे, असे आम्ही सुचवितो. हुबळी-धारवाड ही गंगूबाई हनगल (१९१३-२००९) व मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) यांची भूमी. कमरीपेठेत ज्यांच्या घरी त्यांच्या गायनाच्या जुन्या कॅसेटी असतील, त्यांनी त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. कारण फीत झिजते व गेलेला आवाज परत येत नाही.

उतरविलेल्या ध्वनीचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. फ्लॅकमध्ये काहीच गळत नाही. एमपीथ्रीमध्ये बारकावे कायमचे गाळून फाइल लहान केली जाते. सीडीच्या दर्जाचा ध्वनी मिनिटास सुमारे १० एमबी जागा घेतो, फ्लॅक त्याहून बरीच कमी, तर १२८ केबीपीएसची एमपीथ्री सुमारे १ एमबी. यास्तव जपणुकीची प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि दोन्ही प्रकार वाजविणारा प्लेअर घ्यावा.

फाइल म्हणजे डबा. आतला ध्वनी वा चित्र उलगडण्यास कोडेक लागतो. तो नसेल तर चित्र दिसूनही आवाज येत नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये बहुतेक कोडेक अंगभूत असतात. पॅरिसच्या एकोल सेंत्राल येथील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेले हे काम २००१ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले झाले. त्यास मोल पडत नाही. शिवाय स्वर न उतरविता गती मंद करता येत असल्याने तान शिकणाऱ्यांस तो उपयोगी पडतो.

मात्र तो व्हिडिओलॅन संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, आणि फाइलींची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी.