कंपनी बदला, पण पेन्शन सोडू नका
तायांनो, मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, शेजारची कंपनी हजार रुपये जास्त देतेय, जाऊ का?" जा की! कंपनीला आपण काही बांधलेल्या नाही. पण याआधी दोनदा काम सोडताना त्यांनी पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढले होते. पीएफच्या पेन्शनला एकूण 10 वर्षं नोकरी लागते, ती एकाच मालकाकडे हवी असं नाही. पैसे काढले की तेवढी वर्षं मोजणीतून जातात. ताईंची 7 वर्षं अशीच गेली. म्हणून नव्या ठिकाणी जुनाच यूएएन नंबर द्या, खातं ट्रान्सफर करून घ्या. ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं आहे. कायम कामगाराला त्यासाठी एकाच मालकाकडे 5 वर्षं लागतात. साडेचार झाली असतील तर थोडं थांबा. पुढच्या बैठकीला पगाराची स्लिप आणा, यूएएन बहुतेक त्यावरच असतो.