जुन्या पिकअप गाडीचें अति हलकें स्टिअरिंग : कारणें व उपाय

कासऱ्यास नुसता हात लागतांच उधळणारा बैल कितीही चलाख असला तरी भरल्या गाडीस कोणी जुंपीत नाहीं. जुन्या पिकअप गाडीचें पॉवर स्टिअरिंग प्रमाणाबाहेर हलकें झालें म्हणजे तिची गत अशीच होते. चक्र बोटभर फिरविलें कीं गाडी हातभर सरकते. चालक ती सांवरावयास उलट फिरवितो, तों ती दुसऱ्या बाजूस जाते. मोकळ्या रस्त्यावर ही केवळ कटकट वाटते. परंतु पहाटे कांदा भरून बाजार समितीकडे निघालें असतां, अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली, तर हाच दोष जिवावर बेततो. याकरितां या दोषाची कारणें व त्यांवरील उपाय, कमी खर्चाचे आधीं व अधिक खर्चाचे मागून, अशा क्रमानें येथें देत आहों.

प्रथम रचना समजून घ्यावी. जुन्या गाड्यांत बहुधा तेलाच्या दाबावर चालणारें पॉवर स्टिअरिंग असतें. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा पंप तेल सतत खेळवीत राहतो. स्टिअरिंग बॉक्समध्यें टॉर्शन बार नांवाची एक बारीक पोलादी दांडी असते. चालकानें चक्रावर जोर लावला कीं ती किंचित् पिळवटते. त्या पिळानें व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब पिस्टनाच्या एका बाजूवर पडून चाकें वळविण्यास मदत होते. ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियरानें १९२६ सालीं मोटारीवर चालवून दाखविली; विक्रीच्या मोटारींत ती क्रायस्लर कंपनीनें १९५१ सालीं आणली.

आतां दोष कोठें आहे हें ओळखावें. गाडी सरळ धांवते, वळण संपल्यावर चक्र आपण होऊन मध्यावर येतें, पण हातास अगदींच हलकें लागतें, तर दोष तेलाच्या बाजूस आहे असें समजावें. उलट, गाडी सरळ न राहतां इकडे तिकडे भरकटते व चक्र परत फिरत नाहीं, तर दोष बहुधा चाकांच्या मांडणींत किंवा सांध्यांत असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हा दुसराच प्रकार आढळतो, व दोष मात्र पॉवर स्टिअरिंगच्या माथीं मारला जातो.

पहिली तपासणी टायरांची. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी व गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें असावी. नंतर पुढची बाजू जॅकनें उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावी; नुसत्या जॅकवर भरंवसा ठेवून गाडीखालीं कधींहि शिरूं नये. चाक डाव्याउजव्या कडांस धरून हलविल्यास टाय रॉडच्या सांध्यांतील ढिलाई कळते. वरखालीं धरून हलविल्यास बेअरिंग व बॉल जॉइंट यांची. झिजलेला सांधा बदलल्यावांचून पुढचें कोणतेंहि मोजमाप व्यर्थ होय.

सांधे ठीक असल्यास गाडी सपाट जागीं उतरवून टो-इन मोजावें. दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूनें बारीक रेघ काढून, धुऱ्याच्या उंचीवर पुढच्या बाजूचें व मागच्या बाजूचें अंतर घ्यावें. बहुतेक पिकअप गाड्यांत पुढचें अंतर कांहीं मिलिमीटरांनीं कमी असावें लागतें. नेमका आंकडा पुस्तकांतून घ्यावा. पुढचें अंतर अधिक निघालें, तर गाडी सरळ राहावयाचीच नाहीं.

तिसरें कारण आपल्या लोकांच्या संवयीचें आहे. संघाच्या एका सभासदांनीं खेपेस अधिक माल नेतां यावा म्हणून मागें जादा पाटे घातले. त्यामुळें रिकाम्या गाडीची मागची बाजू सुमारें ५ सेंटिमीटर उचलली गेली. पुढच्यामागच्या चाकांत ३ मीटर अंतर असतां एवढ्यानें गाडी सुमारें १ अंश पुढें कलते, व चाकांस मध्यावर परत आणणारा कॅस्टरचा कोन तितकाच घटतो. मूळचाच कॅस्टर दोन-तीन अंशांचा असेल तर ही घट थोडी नव्हे. त्यांना स्टिअरिंग बॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला होता. आम्हीं जादा पाटे काढविले व अलाइनमेंट करविली. बॉक्स तोच राहिला आणि दोष गेला. आतां पूर्वींइतका माल एका खेपेंत जात नाहीं, ही त्यांची तक्रार खरी आहे. परंतु दुसऱ्या खेपेच्या डिझेलचा हिशेब मांडतां येतो. उलटलेल्या गाडीचा मांडतां येत नाहीं. शिवाय मागच्या धुऱ्याच्या पाठीमागें भार पडला कीं पुढचीं चाकें हलकीं होतात. म्हणून जड पोतीं नेहमीं केबिनच्या बाजूस रचावीं.

इतकें करूनहि स्टिअरिंग हलकेंच लागल्यास पंपाकडे वळावें. दुसऱ्या गाडीचा मोठा पंप बसविला असल्यास तेल अधिक वाहतें. व्हॉल्व्ह तितकाच उघडला असतां दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. म्हणजे प्रवाह एकदशांशानें घटविला तर मदतीचा दाब जवळजवळ एकपंचमांशानें उतरतो. म्हणून मूळ मापाचा पंप, किंवा प्रवाह आंवरणारा योग्य व्हॉल्व्ह, जाणत्या मिस्त्रीकडून बसवावा. कमाल दाबाचा व्हॉल्व्ह ढिला करून उपयोग नाहीं. त्याचें काम चाकें पूर्ण वळलेलीं असतां किंवा अडलीं असतां पडतें. चक्र बदलून लहान घातलें असल्यास तेंहि परत करावें: ४० सेंटिमीटरांऐवजीं ३५ सेंटिमीटरांचें चक्र हाताच्या तितक्याच हालचालीस एकसप्तमांश अधिक फिरतें.

तीन गोष्टी मात्र करूं नयेत. तेलाची नळी दाबून बांधूं नये. पट्टा ढिला ठेवूं नये, कारण तो घसरतांच स्टिअरिंग एकाएकीं जड होतें. आणि बॉक्सचा स्क्रू वाजवीपेक्षां आंवळूं नये, त्यानें चक्र मध्यावर परत येत नाहीं.

एका वेळीं एकच फेरफार करावा, रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहावी, व काय बदललें तें वहींत टिपावें. मगच माल भरावा.