व्हॉट्सॲप घ्यावे का, आणि कशासाठी?



गेल्या दोन-तीन हंगामांपासून गट कार्यालयात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "साहेब, पोरगं म्हणतंय मोठा फोन घ्या, आता सगळं त्यावरच येतंय. घेऊ का?" दुसरे काही सभासद याच्या बरोबर उलट विचारतात. दिवसातून दोनशे मेसेज येतात, निम्मे शुभ सकाळचे आणि निम्मे भांडणाचे, तेव्हा हे काढून टाकावे का? दोघांनाही मी आजवर "तुमच्या सोयीनं बघा" असे गुळमुळीत उत्तर देत आलो. परंतु हा प्रश्नही बेणे निवडण्यासारखाच आहे. जमीन, पाणी आणि हंगाम पाहिल्याशिवाय जात सांगता येत नाही. तसेच काम कोणते ते ठरविल्याशिवाय फोनचे सांगता येणार नाही.

प्रथम माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला थोडा अधिकार राहील.

एका ऑगस्ट महिन्यात आमच्या गटातील एका सभासदाने ग्रुपवर फोटो टाकला. खोडव्याची पाने पिवळी पडली होती. खाली अर्ध्या तासात सात जणांनी सात औषधे लिहिली. कोणी म्हणाले युरिया कमी पडला, कोणी म्हणाले पाणी जास्त झाले, एकाने तर आपल्या पाहुण्याच्या दुकानातील बाटलीचाच फोटो टाकला. मी त्या वेळी जीपमध्ये होतो. जमीन चुनखडीची हे मला माहीत होते, पाने पिवळी दिसत होती, म्हणून केवडा समजून मी लिहून मोकळा झालो, "हिराकस फवारा." त्यांनी फवारले. आठ दिवस वाट पाहिली, पुन्हा फवारले, पुन्हा वाट पाहिली. तिसऱ्या आठवड्यात मी त्या बाजूला गेलो तेव्हा बांधावरून उतरून एका बेटाला हात घातला, तर अख्खे बेट उपटून हातात आले. मुळ्या शिल्लकच नव्हत्या. खाली मातीत हुमणीच्या अळ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, एकेका बेटाखाली तीन-चार. अर्धा एकर खोडवा हातचा गेला. तो सभासद माझ्यावर रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, फोटूत मूळ कुठनं दिसायचं?"

केवड्यात पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हुमणी लागली की बेट हळूहळू पिवळे पडून वाळते आणि ओढले की उपटते. हा फरक फोनवर कळत नाही, कुदळीने कळतो. शिवाय ऊन, सावली आणि फोनचा कॅमेरा यांनी पानाचा रंग बदलतो ते वेगळेच. तेव्हापासून मी एक नेम केला आहे. फोटो आला की औषध लिहायचे नाही. "कोणता गट नंबर, उद्या सकाळी येतो" एवढेच लिहायचे. फोटो हे बोलावणे समजावे. त्याला तपासणी समजू नये.

आता याच हुमणीची दुसरी बाजू सांगतो.

हुमणीची वर्षात एकच पिढी होते. वळवाचे चांगले पाऊस झाले की भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. सूर्य मावळल्यावर ते कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि नंतर मादी पुन्हा जमिनीत जाऊन पन्नास-साठ अंडी घालते. पुढे जुलैपासून अळ्या मुळ्यांवर लागतात, आणि तेव्हा आपण कितीही धावलो तरी खर्च जास्त व गुण कमी. म्हणून मारायचे ते भुंगेरे, आणि तेही अंडी घालण्याच्या आधी. हाती मिळतात त्या मोजक्या संध्याकाळी. त्यातही एकट्याने आपल्या बांधावरचा लिंब झोडपून फारसे साधत नाही, कारण शेजारच्या बाभळीवरचे भुंगेरे तुमच्या उसात अंडी घालताना सातबारा बघत नाहीत.

पूर्वी हे काम असे चालायचे. चिटबॉयने भुंगेरे पाहिले की तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात सांगणार, मग नोटीस निघणार, फळ्यावर लागणार, गावात दवंडी होणार. तोपर्यंत चार दिवस गेलेले असायचे. दोन वर्षांपूर्वी एका गावातील एका ताईंनी रात्री पावणेआठला ग्रुपवर लिहिले, "आमच्या वस्तीवरच्या लिंबावर भुंगेरे पडलेत, पानं खातानाचा आवाज येतोय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शिवारात तीसेक माणसे काठ्या, ताडपत्र्या आणि रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादल्या घेऊन झाडांखाली उभी होती. झाडे हलवायची, खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि बादलीत टाकायचे. चार संध्याकाळी हे चालले. त्या गावातील हुमणी संपली असे मी म्हणणार नाही. परंतु सप्टेंबरमध्ये मी फिरलो तेव्हा वाळलेली बेटे आधीच्या वर्षापेक्षा कमी दिसली. त्या ताईंचा एक मेसेज आमच्या दहा नोटिशींना भारी पडला, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

म्हणजे वस्तू तीच, किडा तोच. "आज, या ठिकाणी, सगळ्यांनी मिळून" असे ज्या कामाचे स्वरूप आहे तेथे ग्रुप उपयोगी. "माझ्या उसाला काय झालंय" याला तो उपयोगी नाही. ज्यांच्या गावात असे मिळून करायचे काम आहे त्यांनी फोन जरूर घ्यावा. ज्याला केवळ सगळ्यांनी घेतलाय म्हणून घ्यायचा आहे त्याने ते पैसे माती परीक्षण आणि चांगल्या बेण्यात घालावेत.

यूट्यूबच्या व्हिडिओंविषयीही लिहायला हवे. एकरी शंभर टनांचे व्हिडिओ आपण सर्वजण पाहतो, मीही पाहतो, आणि त्यातून काही चांगले शेतकरी खरोखर शिकवूनही जातात. पण पाहताना चार गोष्टी ऐकू येतात का बघा: लागण आडसाली की सुरू, जमीन कोणती, पाणी किती, आणि बोलणारा शेवटी काही विकतो का. आपल्याकडील शिफारस आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र आणि सुरूला २५० किलो अशी आहे. हे आकडे हेक्टरचे आहेत. एकराला आडसालीस १६० आणि सुरूस १०० किलो बसते. सगळे नत्र युरियातूनच धरले तर ४५ किलोच्या गोणीने आडसालीस पावणेआठ गोण्या आणि सुरूस पाचाच्या आत. गेल्या वर्षी एक तरुण सभासद व्हिडिओ बघून "चारशे किलो" एवढेच लक्षात ठेवून आला आणि एकराचा हिशेब करू लागला. ते एकोणीस गोण्यांच्या वर गेले असते! सुदैवाने तो खत घेण्याआधी विचारायला आला. त्याची थट्टा करू नये. एका मिनिटाच्या व्हिडिओत हेक्टर हा शब्द राहून जातो, त्याला तो काय करणार?

आता जरा गंभीर विषय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी खोटी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. हे आपल्याला दूरचे वाटेल, पण नाही. दरवर्षी हंगाम सुरू होताना आपल्या शिवारात बाहेरच्या जिल्ह्यांतील टोळ्या येतात, कोप्या पडतात, बाया-माणसे अंधारात उठून अनोळखी गावातून फडाकडे चालत जातात. त्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यापर्यंत येतो. त्यांच्याविषयी, किंवा कोणत्याही परक्या माणसाविषयी, असला मेसेज आला तर तो पुढे पाठवू नये. प्रथम पोलीस पाटील किंवा ठाण्यात फोन करावा. मेसेजच्या वर दोन बाण एकत्र दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे असे समजावे; पाठविणारा आपला चुलता असला तरी लिहिणारा कोण हे त्यालाही ठाऊक नसते.

फसवणुकीचे थोडक्यात. आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. बिलाची रक्कम जमा करण्यासाठी लिंक दाबा किंवा ओटीपी सांगा असे सांगणारा मेसेज आला, त्यावर कारखान्याचे चिन्ह असले तरी, काहीही न दाबता गट कार्यालयात दाखवावा.

काही वयस्कर सभासदांची तक्रार आहे की फोन नसल्यामुळे त्यांना कार्यक्रम कळत नाहीत. ही तक्रार रास्त आहे आणि चूक आमच्या खात्याची आहे. मेसेज टाकला की काम झाले अशी सवय आम्हालाच लागली होती. पुष्कळ ठिकाणी शेअर बाईंच्या नावावर आणि फोन घरधन्याच्या खिशात, तेव्हा तेथेही निरोप पोहोचलाच असे धरता येत नाही.

म्हणून आमच्या गटात पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. ग्रुप दोन राहतील. पहिल्यावर फक्त शेती खाते लिहील: लागण नोंद, तोडणी कार्यक्रम, बेणे, भुंगेरे. प्रत्येक सूचनेखाली तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव असेल. नाव नसलेली सूचना आमची नव्हे. दुसऱ्यावर सभासदांनी बोलावे, भांडावे, दराविषयी विचारावे, आमच्या चुकाही काढाव्यात. तीच सूचना त्याच दिवशी गट कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहिली जाईल, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची यादी चिटबॉयकडे राहील. त्यांना तो घरी जाऊन सांगेल. यादीत नाव नसेल त्यांनी वळवाच्या आधी द्यावे. भुंगेऱ्यांसाठी प्रत्येक वस्तीवरून संध्याकाळी लिंब-बाभळीखाली उभा राहून बघणारा एकेक माणूस हवा आहे. त्याच्याकडे साधा फोन असला तरी चालेल.